अणदूरच्या मावशीचा उलटा प्रश्न

माणसाच्या काळजाला हात घालणारं लिहावं तर मीच, असा माझा तेव्हा ठाम समज होता बरं का! निजामाचं राज्य होतं आणि मी सोलापूरच्या एका साप्ताहिकासाठी गावोगाव फिरून लोकांच्या हकिकती लिहायचो. अणदूरच्या एका म्हातारीचा एकुलता एक मुलगा निजामाविरुद्ध घोषणा दिल्या म्हणून वर्षभर जेलात होता. तिच्यासमोर मी वही उघडली, चेहरा जमेल तेवढा दुःखी केला आणि विचारलं, "मावशी, पोराची आठवण आली की तुम्हाला काय वाटतं?"

"आधी भाकरी खा," ती म्हणाली.

मी खाल्ली आणि पुन्हा तेच विचारलं.

"तुझी माय कुठं असती, लेकरा?" तिनंच मला विचारलं.

"येडशीला."

"कवा भेटलास तिला?"

"वर्ष होत आलं. ह्या कामातून सवडच मिळत नाही."

ती म्हणाली, "माझं पोरगं जेलात हाय म्हणून येत न्हाय. तू कुठल्या जेलात हाईस रं?"

मी वही मिटली आणि थेट घर गाठलं. आईनं दारातच विचारलं, "आज इकडं कुणाची हकिकत लिहायला आलास?"