वाफेचा बुडबुडा

बाबा गेल्यावर त्यांची गाडी मी पहिल्यांदाच मूल गावच्या गॅरेजात आणली होती. माझ्या आधी वारलू मेस्त्रीपुढे निकेशची जुनी गाडी होती. त्याची बायको निशा, दिवस भरत आलेली, नाकाला पदर लावून लांब उभी होती.

“वारलूभाऊ, पेट्रोलच्या वासानं निशा गाडीत बसतच नाई. दवाखान्यात कशी नेऊ?”

“गळते कुठी?”

“एक थेंब नाई.”

“मंग वाफ हाय. टाकीच्या नळीले साबणाचा फेस लावला. आता ऊन लागू दे.”

“काईच होऊन नाई राह्यलं.”

“चूप. पाह्य.”

“अरे, फुगला! फुटला... पुन्हा आला! भाऊ, गाडी श्वास घेऊन राह्यली!”

“चीर सापडली. नळी बदलतो.”

“निशा, ये, पाह्य!”

“बाप्पा! माह्या पोटावर बी असंच उचलते.”

“आता बसशील?”

“बसीन. पण भाऊ, नळी काढाले जरासे थांबा. पाहू द्या.”