वावरातली माती

आता हसता तुम्ही, पण त्या दिवशी नापास व्हायचीच पाळी आली होती. बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाले, जमिनीचा कस टिकवायच्या विषयाची तोंडी परीक्षा होती. प्रत्येकानं आपापल्या वावरातली माती आणायची. आमचं कुठलं वावर अन् कुठलं शेत? बाबांचं तर इतवारीच्या बाजारात भांड्यांचं दुकान! मग काय, सकाळी आईले न विचारता अंगणातल्या तुळशीची मूठभर माती पुडीत बांधून नेली.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ती ग्लासभर पाण्यात ढवळली. वर आधी उदबत्तीची काडी आली, मागून फुलवात.

"वावरात काय पेरता?"

मी बोटानं फुलवात पाण्यात खाली दाबली.

"बरं, ही माती इतकी कसदार कशी राहिली? तेवढं सांगा, नाहीतर नापास."

पुस्तकातलं एक अक्षर आठवेना. "सर, आई तुळशीले रोज काही ना काही घालते. घेते फक्त दोन पानं."

त्यांनी गुण लिहिले अन् उरलेली पुडी परत दिली.

"आईनं पाहायच्या आत जागेवर टाका. तिनं नापास केलं, तर माझ्या हातात काही नाही."