नटश्रेष्ठांच्या मापाचा उजेड

...आणि वर ऐकवायचं काय, तर शिकायला मिळतं! सकाळपासून स्टेज झाडतोय, सोफे उचलतोय, सगळ्यांचे चहा आणतोय, आणि प्रत्येक कपामागे एकेक जण खांद्यावर हात ठेवून सांगतोय, मन लावून कर रे, शिकायला मिळतं. अहो, चहा आणायला मला येत होतं की! कॉलेज सोडलं ते काय त्यातलं उच्च शिक्षण घ्यायला?

तुम्हाला सांगतो, नाटक कंपनीतला इंटर्न म्हणजे ज्याला कशालाच नाही म्हणता येत नाही तो. तरी मी गप्प होतो, कारण संध्याकाळच्या प्रयोगात मला वाक्य मिळालं होतं. ड्रायव्हरचं. "साहेब, गाडी आली." बस. आणि ते ऐकायला बाबा येणार होते. जेवताना त्यांनी जाहीरच केलं होतं, एकदा बघतो, काही दम दिसला तर ठीक, नाहीतर सोमवारपासून गपगुमान कॉलेज. म्हणजे माझं अख्खं आयुष्य तीन शब्दांवर टांगलेलं, आणि मी सोफे उचलतोय...

दुपारी लाइट लावायचे होते. आता लाइट ज्यांच्या तोंडावर मारायचे ते आमचे नटश्रेष्ठ घरी झोपलेले, थोर माणसं दुपारची झोपतातच. मग त्यांच्या जागी उभं कोण राहणार? बरोबर. शिकायला मिळतं! हलायचं नाही, खाजवायचं नाही, डोळ्यांत उजेड घेऊन पुतळा व्हायचं. त्यात मी ताडमाड, घरच्या दारातून वाकून जाणारा; आणि नटश्रेष्ठ... कसं सांगू, पोस्टरवर फार उंच आहेत हो. प्रत्यक्षात माझ्या छातीशी संपतात. पण कंपनीत हे बोलायचं नाही. त्यांच्या बुटांच्या टाचा सगळ्यांना दिसतात आणि सगळे छताकडे बघतात.

लाइटवाले काका शिडीवरून म्हणाले, "सरांची उंची याच्याएवढीच धरू का?" दिग्दर्शकांनी आधी मागे बघितलं, मग दाराकडे बघितलं, मग म्हणाले, "हो. साधारण." साधारण! मी म्हटलं, सर, मी जरा वाकू का? तर अंगावरच आले. "वाकतोस कशाला? कोणाच्या जागी उभा आहेस, कळतंय का? ताठ राहा." आता मोठ्यांचं ऐकायचं असतं ना? राहिलो ताठ. जरा टाचाही उचलल्या.

संध्याकाळी पडदा उघडला. नटश्रेष्ठ आले, आपल्या जागेवर उभे राहिले, टाळ्या पडल्या, आणि बघतो तर काय, केसांचा टोप तेवढा झगमगतोय आणि खाली चेहऱ्याच्या जागी काळोख. पण म्हातारा कसला बेरका! जन्मभर उजेड खाल्लेला माणूस तो, स्वगत म्हणता म्हणता पुढे सरकला, मागे सरकला, आणि शेवटी आरामखुर्चीपुढचं पाय ठेवायचं बुटकं स्टूल पायानं ओढून चक्क त्याच्यावर चढला. चेहरा लखलखला. "मी आयुष्यात कोणापुढे लहान झालो नाही!" थिएटर कडाडलं. विंगेत माझ्या शेजारी दिग्दर्शक इतका वेळ नखं खात होते, ते लगेच पुटपुटले, हे मीच सुचवणार होतो.

मग माझी एंट्री. गेलो, नटश्रेष्ठांच्या स्टुलाशेजारी उभा राहिलो, आणि तुम्हाला सांगतो, सगळा उजेड माझ्या तोंडावर, मापानं शिवल्यासारखा! बाबा दिसेनात, पण तिसऱ्या रांगेतून त्यांनी घसा खाकरलेला ऐकला. निकाल वाचायच्या आधी खाकरतात तसाच. मी तोंड उघडलं. "साहे..." तेवढ्यात स्टूल डगमगलं. नटश्रेष्ठांनी माझा खांदा गच्च धरला, शेजारी बघितलं, उजेड कोणाला मिळतोय ते त्यांच्या लक्षात आलं, आणि सगळा भार माझ्यावर टाकत त्यांनी मला दाबत दाबत गुडघ्यांवर आणलं. मग प्रेक्षकांकडे बघून, अगदी शांतपणे, स्वतःच म्हणाले, "गाडी आली वाटतं."

खाल्लं ना वाक्य! यांच्याकडे पानंच्या पानं भाषणं, आणि डोळा माझ्या तीन शब्दांवर? ही पिढीच तशी, स्वतःचं ताट भरून वाहत असलं तरी हात आमच्याच वाटीत. आणि ओरपून झालं की म्हणणार, शिकायला मिळतं.

प्रयोग संपल्यावर बाबा आत आले. मी मनातल्या मनात सोमवारची बॅग भरली. तर म्हणाले, "त्या गृहस्थांचं तुझ्यावाचून अडतं, हे मी डोळ्यांनी बघितलं. राहा इथेच." मी ती बॅग मनातल्या मनातच परत रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकांनी ठरवून टाकलं. स्टूल राहणार, लाइट आहेत तसेच राहणार, ड्रायव्हर कापला. तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाला मी आरामखुर्चीच्या आडोशाला, अंधारात, उकिडवा, दोन्ही हातांनी स्टुलाचे पाय धरून... आणि घरी कोणी पाहुणा आला, मुलगा काय करतो म्हणून विचारलं, की बाबा पाय पसरून समाधानानं सांगतात, "नाटक कंपनीत आहे. मुख्य म्हणजे, बसून काम आहे."