पाचूबंदरच्या पेट्या

…आणि वर परत म्हणतो कसा, "मॅडम, फक्त एकच प्रश्न वाढवा!" एकच! अहो, तुम्हाला सांगतो, ह्या 'एकच'नं आमच्या विनिताचं रक्त आटवलंय. विनिता म्हणजे माझी मेहुणी. माणिकपूरला हापिस आहे तिचं, आणि काम काय, तर कुणी लोकांचं भलं केलं की ते खरंच झालं का, हे जाऊन तपासायचं. हसू नका, असतं असं काम! मूल्यमापन म्हणतात त्याला. भलं करणारा म्हणतो झालं, ज्याचं केलं तो म्हणतो बघू, आणि मधल्यामध्ये ही, हातात टॅब घेऊन उन्हात उभी. दर रविवारी आमच्याकडे जेवायला येते आणि भात कालवता कालवता सगळं ओकते, म्हणून मला एवढं ठाऊक.

तर झालं काय, एका कंपनीनं पाचूबंदरच्या पुढच्या आळीतल्या कोळणींना मासळी ठेवायला बर्फाच्या पेट्या वाटल्या. चांगल्या जाडजूड, निळ्या, झाकणावर कंपनीचं नाव पेटीपेक्षा मोठं. आता मागच्या आळीला द्यायच्या की नाही, हे ठरणार विनिताच्या अहवालावर. झालं! मागच्या आळीच्या बायका दिसेल तिथं तिला गाठणार, "बाय, आमची पेटी कदी?" आणि ही घशात काटा अडकल्यासारखी हसणार. देणारी ती नव्हे, पण अडवणारी तीच ठरायची ना!

बरं, प्रश्न किती साधा! पेटी आल्यापासून मासळी कमी नासते का? हो की नाही, मिटलं. पण कंपनीचे मितेशभाई मिटू देतील तर ना! "विनिता मॅडम, महिला सक्षमीकरणावर फक्त एकच प्रश्न वाढवा." वाढवला. मग त्यांच्या साहेबांना वाटलं, "प्लास्टिकबद्दल पण एकच." वाढवला. मग पाचूबंदरचे समाजसेवक धर्माशेठ, ज्यांनी पेट्या घरोघर पोचवल्या, ते छाती पुढे काढून, "मॅडम, पेटी कोनाच्या हातून भेटली, येवढा एकच टाका." अरे, हे मूल्यमापन आहे की तुमचा वाढदिवस? पण वाढवला! शेवटी प्रश्नावली एवढी लांबली की कृष्णाबाई कोळणीनं उत्तरं देता देता पाटीभर बोंबील साफ केले, आणि वर विनिताच्या हापिसातल्या टॅबवाल्या दिपिकालाच विचारलं, "पोरी, तुजा लगीन झालाय काय? नाय, मी पन एकच इचारते."

पहिल्या फेरीला धर्माशेठ म्हणाले, मी बरोबर येतो, पोरी नवीन, गल्लीतली कुत्री चावतील. विनिता फोनवर हो म्हणून बसली. आणि हा माणूस प्रत्येक दारात हाताची घडी घालून उभा! आता सांगा, देणारा समोर उभा असताना दिलेल्या वस्तूला नावं ठेवणारी माणसं तुम्ही पाहिलीत कुठं? आपल्याकडे आहेराची साडी विटकी निघाली तरी 'रंग किती छान' म्हणायची रीत! सगळ्या बायका एका सुरात, "लय भारी पेटी! पेटीबिगर आमचा पान हलत नाय!" शंभर टक्के समाधान. मितेशभाईंनी टाळ्यांची चित्रं पाठवली, आणि विनिताला फुटला घाम. कारण शंभर टक्के लोक, तुम्हाला सांगतो, सत्यनारायणाच्या प्रसादालासुद्धा चांगलं म्हणत नाहीत. कुणीतरी म्हणतंच, साखर जास्त झाली.

मग दुसरी फेरी, धर्माशेठना चुकवून. पण तोवर आळीत कुणीतरी पिल्लू सोडलं की खराब पेटी बदलून मोठी मिळणार आहे. संपलं! "झाकन बसत नाय." "वास मारते." "माज्या सुनेचा पाय मोडला तिच्यापायी!" त्याच बायका हो! त्याच पेट्या! आता कुठली फेरी खरी धरायची? सरासरी काढायची? म्हणजे पेटी अर्धी छान आणि अर्धा पाय मोडला असं लिहायचं? विनितानं मितेशभाईंना सांगितलं, तर ते म्हणतात, "मग असं करा ना, खरं बोलताय का, असा एकच प्रश्न वाढवा!" त्या रविवारी ती जेवता जेवता एवढ्या जोरात ओरडली की आमच्या शेजाऱ्यांनी बेल वाजवली.

शेवटी टॅब हापिसात ठेवला आणि स्वतः गेली, एकटी. भरदुपारी कृष्णाबाईच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. चेहरा लाल, घसा कोरडा. कृष्णाबाई उठली, पेटीचं झाकण उघडलं, आत तांब्या बुडवला आणि गारेगार पाणी पुढे केलं.

"कृष्णाबाई, पेटीत पाणी?"

"मग? नलाला येक दिसाआड पानी येते. ते भरायचा कुठं, तुज्या टॅबात?"

"आणि मासळी?"

"मावरा नि पेटीत? येडी काय तू, बाय? टोपलीतला मावरा ताजा, पेटीतला मावरा कालचा, गिऱ्हाईक लांबूनच वलखते. मी बसली ना येक दिस पेटी घेऊन, माश्या पन नाय फिरकल्या! सकालचा सकाली इकायचा, उरला तर मीठ लावून सुकवायचा. आमची आय असाच करायची."

विनिताला रडावं की हसावं कळेना. राग आला, मितेशभाईंचा, धर्माशेठचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. एवढे एकच-एकच करून प्रश्न वाढवले, पण पेटीत काय आहे, हा एक प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही! आणि कृष्णाबाईचं निघताना वेगळंच, "पुडल्या टायमाला खाली तोटी लावून आन. तांब्या बुडवून बुडवून कंबर गेली माजी."

आता लिहायचं काय? मासळी वाचली म्हणावं तर धडधडीत खोटं. नाही वाचली म्हणावं तर मागच्या आळीचं पाणी आपल्याच हातानं तोडलं. मितेशभाई फोनवर गोड आवाजात, "मॅडम, 'लक्षणीय' शब्द टाका ना, किती लक्षणीय ते कोण विचारतंय?" पण आमची मेहुणी खमकी! तिनं सरळ लिहिलं: मासळीवर परिणाम शून्य. पाण्याची मोठी सोय. मागच्या आळीला पेट्या जरूर द्याव्यात, तोटी लावून. पाठवला अहवाल, आणि रविवारी येऊन ताटापुढे नुसती बसली. "भाओजी, गेल्या हो पेट्या. माझ्या खरेपणापायी त्या बायका तहानेल्या राहणार." बायकोनं सोलकढी पुढे केली, तीही प्यायली नाही.

आणि चार दिवसांनी मितेशभाईंचा फोन, आवाजात लाडू फुटतायत! "मॅडम, मंजूर! साहेब खूश! मागच्या आळीला पेट्या, आणि तोटीसकट!" विनिता खुर्चीतून उठून नाचायचीच बाकी राहिली. दिपिकाला मिठी मारली, कृष्णाबाईला फोन केला, तिकडून ती आळीभर ओरडली, "तोटी आली गो!" सगळं खरं. फक्त मितेशभाई पुढे म्हणाले, प्रकल्पाचं नाव 'मासळी शीतपेटी'च राहील हं, मंजुरी त्याच नावाला आहे, आणि मूल्यमापनाचा उद्देशही तोच, कागद बदलले तर वर्ष जाईल. विनिता म्हणाली, बरं. दुसरं काय म्हणणार? पेट्या मिळाल्या ना! तर आता पुढच्या वर्षी आमची मेहुणी उन्हात दारोदार जाऊन तपासणार आहे, की पेटीला तोटी बसवल्यामुळे मासळी किती कमी नासली!