हृदानचं नाव

पोराचं नाव ठेवणार असाल तर आधी माझं ऐका. जळगावात कुणाचंच नाही म्हणून आम्ही ‘हृदान’ ठेवलं. बोदवडचे आबा, म्हणजे माझे वडील, लाडानं ‘रुदान’ म्हणायचे. बायको लगेच टोकायची, ‘आबा, रु नाही, हृ म्हणा!’ शेवटी आबांनी हाक मारणंच सोडलं. बालवाडीत घातलं, तर वर्गात आधीच दोन हृदान. बाई आमच्याला ‘तिसरा’ म्हणू लागल्या.

परवा धुळ्याला लग्नात एका म्हातारीनं त्याला मांडीवर घेतलं.

‘तुनं नाव काय शे रे, बाळ?’

तो ‘रु...’ म्हणाला, घाबरून आईकडे बघत थांबला. मग हळूच म्हणाला, ‘आजी, मला नाव नाहीये.’

बायको जेवणाच्या ताटावरून तशीच उठली.