मालकांचं आत मांडलंय

लोणावळ्याच्या बाजारात रशिदाचाचींच्या दुकानात माझी बायको बांगड्या भरायला गेली, तेव्हा तिच्याआधी एक बाई बसली होती. कपाळावर कुंकू ठसठशीत, हात मात्र रिकामे.

"रतन, सगळ्या कशा फुटल्या गं?"

"फोडल्या, चाची. सासूबाईंनी बगायच्या आत भरा."

"या अल्ला! कैलास गेला?"

"हायेत. हॉटेलातल्या बागंला पानी घालत्यात."

"मग फोडल्या कशाला?"

"डबा घेऊन गेलते. गेटवरचा म्हनला, मालकांचं आत मांडलंय, लोक बगून चाललेत, तुमीबी बगून घ्या."

"हॉटेलच्या मालकाचं?"

"आमी मालक कुनाला म्हनतो? आत बगते, तर चादरीखाली मानूस. नुसते पाय भायेर. टाचांच्या भेगासुदिक ह्यांच्याच."

"कोण होता?"

"रबराचा. हॉटेलवाल्यानं देशोदेशीची नवी कला जमवलीय, तिचं प्रदर्शन. ह्यो मानूस जर्मनीचा म्हनं."

"जर्मनीवाल्याला कैलासच्या टाचा कशा ठाऊक?"

"त्येच तर. मी हंबरडा फोडला. असा देवमानूस न्हाई, कदी वाकडा शबूद न्हाई, सगळं म्हनले. हात आपटले. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"टाळ्या?"

"त्यास्नी वाटलं, मीबी मांडलेलीच."

"आणि कैलास?"

"त्यांच्या मागं उभे, हातात पाइप. म्हनले, रतन, एवढा चांगला हाय व्हय मी?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हनलं, तवा तुमी मेला हुता."