आभाळ चांगलं हाये

पावसाविना कपाशीची पऱ्हाटी सुकत चाललेल्या त्या वर्षी अनघा नेरच्या एसटीडी बूथवर रांगेत उभी होती. पुढे मैनाबाई आणि वामनराव होते. त्यांचा कपिल नागपूरच्या एका कारखानदाराचं चार सीटचं विमान चालवायचा. मालकानं नेरजवळ धावपट्टी केली, पण हवा सांगायला माणूस काही ठेवला नाही. म्हणून निघण्याआधी कपिल आईलाच विचारायचा.

"आभाळ लय चांगलं हाये, ये," म्हणून मैनाबाईंनी फोन ठेवला.

"चांगलं काहून सांगतलं?" वामनरावांनी विचारलं.

"भरून आलं ना."

"अवं, ते पऱ्हाटीले चांगलं. त्याले मोकळं पाह्यजे. ढगात शिरलं तं काही दिसत नाही त्याले."

"मंग त्यानं तसं इचारावं ना."

"लाव परत."

"दोन वर्षं झाले त्याले पाहून."

"मैना, लाव."

तिनं लावला.

"कपिल, आभाळ काळं हाये रे. ईज चमकून राह्यली. येऊ नको... मालक काय म्हणते? दे त्याले... साहेब, घाई असन तं एसटीनं या. माह्यं पोरगं येत नाही."

फोन परत कपिलकडे गेला, तसा तिचा आवाज उतरला.

"नाही रे, काही नाही केलं. रोजचंच, बेसन-भाकर. ठेव आता."

पैसे देताना वामनराव म्हणाले, "सकाळपासून पुरण वाटून राह्यली, ते काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं निघाला असता तो."